सिलिंडर ४४ वरून ६८ दिवसांवर गेला, मग विजेचं बिल ७०० रुपयांनी का वाढलं?

टाचणवही (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण त्यावरून आमच्या घरात पंधरा दिवस अर्धबोला चालू आहे. अबोला नाही, अर्धबोला. जेवायला वाढलंय एवढं बोललं जातं.

मी सहकारी बँकेत ३१ वर्षं खतावण्या लिहिल्या. निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नाही, रोज रात्री डायरी होतेच. गॅसचं रेग्युलेटर नव्या सिलिंडरवर बसवलं की आधी तारीख टाकायची, मग चहा ठेवायचा. त्यामुळे खालचे आकडे अंदाजपंचे नाहीत.

घरात माणसं तीन. मी, आमचे हे आणि सासूबाई (वय ८४). गेल्या पावसाळ्यात सासूबाईंकडून गॅसचं बटण दोनदा चालू राहिलं. एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस तसाच येत राहिला. मी मंडईतून आले तेव्हा जिन्यातच वास आला. ते फोनवर ऐकून पुण्याच्या लेकीनं दिवाळीला इंडक्शन शेगडी पाठवली. महिनाभर ती खोक्यातच पलंगाखाली होती, कारण आमचा कुकर हिंडालियमचा, पातेली अॅल्युमिनियमची, त्यावर चालेना. लोहचुंबक घेऊन सगळी भांडी तपासली तेव्हा घरात फक्त एक दूध तापवायचं पातेलं आणि शेवया तळायची कढई पास झाली. कढईचं बूड गोल, म्हणजे तीही नापास. शेवटी स्टीलचा कुकर आणला आणि १ डिसेंबरपासून रीतसर वापर सुरू केला. चहा, दूध, कुकर आणि आमटी इंडक्शनवर. भाकरी, फोडण्या, भाजणं-तळणं गॅसवर.

आता आकडे बघा.

गॅस: आधीचे चार सिलिंडर सरासरी ४४ दिवस गेले. १ डिसेंबरला लावलेला ६८ दिवस गेला. सिलिंडर तेव्हा ८६० च्या घरात होता. म्हणजे रोजचे साडेएकोणीस रुपये होते ते पावणेतेरावर आले. महिन्याला २०७ रुपये वाचले.

वीज: नोव्हेंबरचा वापर १४२ युनिट, बिल १३८० च्या आसपास. डिसेंबरचा १९६ युनिट, बिल २०७५ च्या आसपास. महिन्याला जवळजवळ ७०० रुपये जास्त.

हे म्हणतात, "तुझ्या लेकीनं घरात हत्ती बांधलाय. दोनशे वाचवायला सातशेचा चारा." शेगडीवर २००० वॅट लिहिलंय. मी रोज सव्वा तास वापरते. त्या हिशेबानं दिवसाला अडीच युनिट, महिन्याला पंच्याहत्तर व्हायला पाहिजेत. मीटर दाखवतोय ५४ जास्त. म्हणजे ना यांचा हिशेब जुळतो, ना माझा. बँकेत असा फरक आला असता तर आम्ही रात्री दहापर्यंत बसलो असतो. चूक कुठे आहे, कोणी सांगेल का?

फेज-न्यूट्रल (इचलकरंजी)

ताई, वायरिंगची कामं करून २२ वर्षं झाली. तुमची डायरी बघून बरं वाटलं, लोक नुसतं "बिल जास्त आलंय" म्हणून फोन करतात.

पहिली गोष्ट. नोव्हेंबर आणि डिसेंबरची तुलना करायची नाही. डिसेंबरात थंडी पडते, गिझर जास्त चालतो. सासूबाई ८४ च्या आहेत म्हणता, त्यांना कढत पाणी लागणारच. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यात गेल्या वर्षीचा डिसेंबर बघा आणि त्याच्याशी ताडून पाहा. पन्नास-चोपन्न युनिटांतले वीसेक तरी गिझरचे निघतील, लिहून ठेवा.

दुसरी. २००० वॅट हे जास्तीत जास्त. तुम्ही काय पूर्ण सव्वा तास २००० वर आमटी उकळवत नसणार. आच कमी केली की शेगडी चालू-बंद-चालू-बंद करते, कान देऊन ऐका, घूं-घूं थांबते बघा. त्यामुळे वॅट गुणिले तास हा हिशेब तिला लागू पडत नाही.

तिसरी, आणि हीच खरी मेख आहे. आपल्याकडे दर पायऱ्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे ३०१ ते ५००, त्यापुढे आणखी. वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणायचा) मिळून पहिल्या पायरीला सहाच्या आसपास पडतात, दुसरीला अकराच्या वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे दुसऱ्या पायरीवरचं युनिट हातात पडेपर्यंत तेराच्या आसपास जातं. तुमचे पहिले शंभर तर पंखे, फ्रिज, टीव्ही आणि दिव्यांनीच खाल्लेत. इंडक्शन आलं सगळ्यात शेवटी, त्यामुळे त्याचं एकेक युनिट वरच्या पायरीवर बसतं. बिलाला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो तो इथे चालायचा नाही.

आणि विचारायचं राहिलं, शेगडी कुठल्या प्लगला लावलीय? ओट्यावरच्या मिक्सरच्या बारीक प्लगला मल्टिप्लग लावून चालवत असाल तर आजच बंद करा. २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात, तो बारीक प्लग ६ अँपिअरचा असतो. जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट पाहिजे, त्याला वायरपण जाड.

शाळू_आणि_ठेचा

इंडक्शनवर भाकरी टम्म फुगली की मला हाक मारा. तोपर्यंत मी चुलीपाशी आहे.

टाचणवही (सांगली)

@फेज-न्यूट्रल, तुमच्या तोंडात साखर पडो. गेल्या वर्षीची बिलं फाइलला होतीच. मागच्या डिसेंबरात १६३ युनिट, या डिसेंबरात १९६. फरक ३३. जानेवारी मागचा १७०, या वेळचा २०४. फरक ३४. दोन महिने सलग तेच आलं म्हणजे इंडक्शनचा खरा वापर ३३-३४ युनिट. बाकीचे २१ गिझरचे. तुम्ही न बघता सांगितलंत!

यांना दाखवलं. चष्मा लावून दोन्ही बिलं उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मग ३४ गुणिले १३ किती?" ४४२. वाचले २०७. म्हणजे हत्ती नाही पण म्हैस बांधलीय. तोटा महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे. अर्धबोला आता पाऊणबोल्यावर आलाय.

प्लगचं म्हणाल तर, हो, मल्टिप्लगच होता. तो थोडा पिवळट पडलाय हे आज पाहिलं. काढला. गिझरच्या जाड पॉइंटवरून तूर्त काम भागवतेय, त्यामुळे आंघोळी उरकल्याशिवाय चहा नाही.

@शाळू_आणि_ठेचा, भाकरी गॅसवरच होते हो. तव्यावर पाणी फिरवून उलटायची आणि मग जाळावर शेकायची, त्याशिवाय पापुद्रा सुटत नाही. वांगंसुद्धा जाळावरच भाजते. त्यात तडजोड नाही.

पण मला अजून एक खात्री करून घ्यायची आहे. शेगडीच जास्त वीज ओढत नाही ना? लेकीनं पाठवलेली वस्तू दोषी आहे की दर, हे नक्की व्हायला पाहिजे.

फेज-न्यूट्रल (इचलकरंजी)

सोपं आहे. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर तेवढ्या वेळा लुकलुकल्यावर एक युनिट. फ्रिजपासून घरातलं सगळं बंद करा, फक्त इंडक्शन चालू ठेवा. एक लिटर पाणी मोजून ठेवा, झाकण ठेवून उकळी येईपर्यंत दिवा मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर मोजताना चुकणार नाही.

गणिती_उंदीर

मोजून आल्यावर ताडायला आकडे देऊन ठेवतो. एक लिटर पाणी २२ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ०.०९ युनिट उष्णता लागते. इंडक्शन चांगली असेल तर तिच्या विजेतला ८५ टक्क्यांच्या आसपास भाग भांड्यात उतरतो. म्हणजे मीटरवर ०.१०५ ते ०.११ दिसलं तर शेगडी निर्दोष.

आता गॅसकडे. एक किलो एलपीजीत जवळपास १२.८ युनिट उष्णता असते. सिलिंडरमध्ये १४.२ किलो, म्हणजे १८० च्या वर युनिट. पण जाळ भांड्याच्या कडेनं वर जातो, ओटा तापवतो, आपल्याला तापवतो. आयएसआय छापाच्या शेगडीला प्रयोगशाळेत किमान ६८ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. घरी, वारा, काळवंडलेलं बर्नर, लहान पातेल्याखाली मोठा जाळ, हे सगळं धरून मी ६२ लावतो. तसा हिशेब केला तर एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला १३३ युनिट लागतात.

८६० भागिले १३३, साडेसहा रुपये. हा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमचं *वाढीव* युनिट साडेसहाच्या आत पडत असेल तर इंडक्शन स्वस्त, वर गेलं तर गॅस. सिलिंडरचा भाव बदलला की १३३ नं भागायचं, झालं. "इंडक्शन परवडतं का" यावर लोक व्हॉट्सअॅपवर जे तासन् तास भांडतात त्यातले निम्मे महिन्याला ८० युनिटवाले असतात आणि निम्मे २५० वाले. दोघंही आपापल्या घरात बरोबर असतात.

म्हापशेकार

गणिती_उंदीर यांचा शेवटचा परिच्छेद आमच्या घराला तंतोतंत लागू आहे. माझी बहीण कुडाळला दिलेली, मी म्हापशाला. तिच्या आणि माझ्या घरात दोन तासांचं अंतर, पण विजेचे दर बघाल तर दोन देश. गोव्यात घरगुती वीज तुमच्या निम्म्याहूनही स्वस्त आहे. पहिल्या शंभरला दोन रुपयांच्या आसपास, मग थोडं थोडं चढत जातं. माझं वाढीव युनिट साडेसहाच्या बरंच खाली बसतं. मी सगळा स्वयंपाक, अगदी शिताच्या पेजेपर्यंत, इंडक्शनवर करतो आणि माझा सिलिंडर पाच-साडेपाच महिने जातो. तोही फक्त बांगडे भाजायला.

बहीण चतुर्थीला आली तेव्हा माझं बघून भारावली आणि घरी जाऊन तीच शेगडी घेऊन बसली. पहिलं बिल आल्यावर फोन. "तुझ्या नादी लागले!" मी म्हटलं, शेगडी तीच गं, सातार्ड्याचा पूल ओलांडलास तिथे हिशेब बदलला.

एकच आहे, पावसात आमच्याकडे वीज गेली की पेजही गेली. म्हणून सिलिंडर सोडला नाही.

टाचणवही (सांगली)

प्रयोग केला. माझ्या मीटरवर ३२०० आहे. रविवारी सकाळी फ्रिज बंद केल्यावर सासूबाईंना वाटलं लाइट गेली, त्या मेणबत्ती शोधायला निघाल्या. भाच्याला मोबाइल धरून मीटरपाशी उभा केला, हे पातेल्यापाशी, मी मध्ये घड्याळ घेऊन. खळखळून उकळी आली ती ३ मिनिटं ३० सेकंदांनी, दिवा लुकलुकला ३५२ वेळा. ३५२ भागिले ३२००, ०.११. शेगडी निर्दोष सुटली!

यांनी निकाल मान्य केला, पण लगेच नवी केस लावली. "विजेचं मोजलंस, गॅसचं मोज." एका लिटरला जाणारा गॅस दहा-बारा ग्रॅम, तो कशावर मोजणार? म्हणून मग आठवड्याचा प्रयोग केला. वजनकाट्यावर (आपण उभं राहतो तो) सिलिंडर ठेवला. रिकाम्या सिलिंडरचं वजन वर कड्यावर रंगवलेलं असतं, ते वजा केलं की आत गॅस किती ते कळतं. जाता जाता सांगते, त्याच कड्याच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची तिमाही असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च. मुदत उलटलेला असेल तर दारातूनच परत द्यावा. इतकी वर्षं सिलिंडर वापरून हे मला या प्रयोगामुळे कळलं.

पहिला आठवडा सगळं गॅसवर: २.३ किलो. दुसरा आठवडा नेहमीसारखं दोन्हीवर: १.५ किलो. फरक ८०० ग्रॅम, म्हणजे ४८ रुपये. त्या आठवड्यात मीटर आधीच्यापेक्षा साडेसात युनिट जास्त फिरला, म्हणजे ९७ रुपये. अगदी दुप्पट! गणिती_उंदीर, तुमच्या १३३ नं काढलं तरी ८०० ग्रॅमला साडेसातच येतात. माझा वजनकाटा शंभर-शंभर ग्रॅमनं उडी मारतो, तरी एवढं जुळलं. बँकेत टॅली झाल्यावर जो आनंद व्हायचा तोच झाला. यांनाही झाला, कारण ते जिंकले.

ऊन_खिडकीत (सातारा)

ताई, तुमच्या हिशेबात एक रकाना राहिला. छत आहे का स्वतःचं?

आम्ही पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं बसवलं. केंद्राचं अनुदान ७८ हजार मिळालं (पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, त्यापुढे कितीही बसवा, ७८ च्या वर नाही). उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट निघतात, पावसाळ्यात ढग असले की चारावर येतात. आमचा वापर महिना २२० चा, निर्मिती त्याहून जास्त. उरलेली युनिटं नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण मार्चअखेर जी शिल्लक राहतात त्यांचे जे पैसे मिळतात ते तुमच्या तेरा रुपयांच्या पासंगालाही पुरत नाहीत.

मग मी बायकोला म्हटलं, ही युनिटं कवडीमोल देण्यापेक्षा वरण शिजव. आता आमचं सगळं इंडक्शनवर. आमच्यासाठी वाढीव युनिटाचा दर तेरा नाही, मार्चअखेर जे मिळाले असते तेवढाच. साडेसहाच्या कितीतरी खाली.

पण एक फजिती सांगतो, बसवण्याआधी कोणी सांगितली नव्हती. गेल्या मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. छतावर रणरणतं ऊन, तीन किलोवॅटच्या पाट्या तळपतायत आणि घरात पंखा बंद. मला वाटलं बिघाड झाला. बसवणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "काका, लाइन बंद की इन्व्हर्टर बंद, ते तसंच असतं." खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून करंट जाऊ नये म्हणून ते आपोआप तुटतं. कारण पटलं, पण त्या दुपारी शेजारचे विचारत होते, "तुमच्याकडे सोलर ना?" बॅटरीवाली यंत्रणा वेगळी आणि बरीच महाग.

गणिती_उंदीर

@ऊन_खिडकीत, ते पटलं, पण पाट्यांसाठी खिशातून गेलेले पैसेही धरा. ते स्वयंपाकाच्या खात्यावर नाही टाकले तरी कुठल्या तरी खात्यावर टाकायलाच हवेत. आणि नुसत्या इंडक्शनसाठी कोणी सोलर बसवू नये. आधीच जास्त निघत असेल तर गोष्ट वेगळी.

ताईंना अजून एक: मीटर बदलून वेळेनुसार नोंद घेणारा नवा बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला थोडी सूट मिळते, युनिटमागे रुपयाच्या आत. कुकर नऊनंतर लावता आला तर तेवढंच. पण त्यानं तेराचे साडेसहा होणार नाहीत.

वैदर्भी_माय (नागपूर)

सगळ्यांचे हिशेब वाचले. आता माझं ऐका.

मे महिन्यात आमच्या इथं पारा पंचेचाळीसला टेकतो. गॅस पेटवला की स्वयंपाकघरातला पंखा बंद करा लागते, नाहीतर जाळ उडते. म्हणजे बाहेर पंचेचाळीस, समोर आगीचा डोंब, आणि पंखा बंद. तीस वर्षं असंच केलं. दोन वर्षांपासून उन्हाळ्यात सगळं इंडक्शनवर करते आणि डोक्यावर पंखा फुल. पोळ्या लाटताना घाम पोळीत पडत नाही, हे कुठल्या रकान्यात लिहू?

आमच्या यांनीही हिशेब काढला होता. मी म्हटलं, कुलर तुमच्या खोलीत दिवसभर चालते, त्याची युनिटं मोजली कधी? कुलरचा खर्च "उन्हाळ्याचा" आणि माझ्या शेगडीचा "फालतू"? गप्प बसले.

आणि गॅस स्वस्त आहे म्हणून फार विसंबू नका. देशात लागणाऱ्या एलपीजीतला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो, त्यातला बहुतेक आखातातून. तिकडं शिंकलं की इकडं सिलिंडर खोकते.

फेज-न्यूट्रल (इचलकरंजी)

वैदर्भी माय, कुलरचा मुद्दा एकदम बरोबर. आणि पंख्यांचाही. लोक इंडक्शनवरून भांडतात आणि घरात ७५ वॅटचे चार जुने पंखे दिवसरात्र गरगरत असतात. बीएलडीसी पंखा (बिनब्रशच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. तेही वरच्याच पायरीवरचे, कारण वरचंच युनिट आधी गळतं. ताई, दोन पंखे बदलले की तुमच्या इंडक्शनची ३४ युनिटं तिथेच फिटली. उन्हाळा आता आलाच आहे.

शाळू_आणि_ठेचा

इतकं वाचून एवढं कळलं की पंखा बदलायचा आणि भाकरी चुलीवरच करायची.

टाचणवही (सांगली)

सगळ्यांचे आभार. उत्तरं उशिरा देतेय कारण मध्ये सासूबाईंना दोन दिवस ताप होता.

@वैदर्भी_माय, सिलिंडरच्या भावाचं तुम्ही लिहिल्यावर डायऱ्या काढल्या. २०२३ च्या मार्चात ११०० च्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टअखेर २०० नं उतरला, २०२४ च्या महिला दिनाला आणखी १०० नं, आणि २०२५ च्या एप्रिलात ५० नं पुन्हा चढला. पण तो ११०० वाला भाव धरून १३३ नं भागलं तरी सव्वाआठ येतात. माझं युनिट तेराचं. म्हणजे गॅसनं कितीही उड्या मारल्या तरी माझ्या पायरीवर इंडक्शन हरतंच. छत आमचं नाही, तीन मजल्यांची इमारत, वर पाण्याच्या टाक्या आणि एकाचं कबुतरखानं. @ऊन_खिडकीत, तेव्हा तुमचा रकाना आमच्याकडे कोराच.

पंख्यांचं मात्र लगेच मनावर घेतलं. बैठकीतला आणि सासूबाईंच्या खोलीतला, दोन बदलले. त्यांचा दिवसाचे वीस तास चालतो. त्या म्हणतात, नवा पंखा आवाजच करत नाही, चालू आहे की नाही कळत नाही, म्हणून अधूनमधून हात वर करून बघतात.

आता शेगडीचं काय ठरलं ते लिहिते. आमटी आणि कुकर परत गॅसवर नेले. यांचा विजय झाला, त्यांना सांगितलं, तेव्हापासून पूर्ण बोलणं सुरू आहे. फक्त चहा आणि दूध इंडक्शनवर ठेवलंय.

त्याचं कारण असं. ताप होता तेव्हा रात्री दोनला सासूबाई उठल्या आणि कोणाला उठवायचं नाही म्हणून स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या. मला जाग आली तेव्हा ओट्यावर पातेलं, त्यात कोमट पाणी, आणि शेगडी आपली आपण बंद होऊन टीं-टीं करत होती. त्या पाणी ठेवून विसरल्या होत्या आणि जाऊन झोपल्याही होत्या. रात्री सिलिंडरचं रेग्युलेटर मी बंद करूनच झोपते, तरी मी तिथे अंधारात पाच मिनिटं उभी राहिले. सकाळी यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुपारी डायरी उघडली तर "इंडक्शन" या खात्यावर यांनीच रेघ मारली होती आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आईचं औषधपाणी, येथे वर्ग".

चहा-दुधाची युनिटं महिन्याला बारा-तेरा होतात. दीडशे-पावणेदोनशे रुपये. गॅसवर केलं असतं तरी ऐंशी-नव्वद लागलेच असते.

@फेज-न्यूट्रल, एक राहिलं. ओट्यापाशी १६ अँपिअरचा नवा पॉइंट काढून घ्यायचाय, गिझरच्या पॉइंटपासून ओढलं तर चालेल का मीटरपासून वेगळी वायर आणावी लागेल? अंतर साधारण तीस फूट आहे. आणि वायर किती जाडीची, ते सांगाल का? इथला वायरमन म्हणतो जुन्यावरच भागेल, पण मला त्या पिवळ्या पडलेल्या मल्टिप्लगची आठवण होते.

फेज-न्यूट्रल (इचलकरंजी)

गिझरपासून ओढू नका ताई. दोन्ही एकदम चालू झाले तर त्या एका वायरवर १७ अँपिअर जातात. मेन बोर्डापासून वेगळी आणा, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका), अर्थिंग तपासूनच. त्या वायरमनला म्हणावं, जुन्यावर भागवायचं असेल तर तसं लिहून दे आणि खाली सही कर. बघा मग कशी नवी वायर आणतो ते.